‘साबण्या’ शब्दाचं खरं मूळ

प्रिय ठमे,

तुझं जाडजूड पाकीट शनिवारी मिळालं. टपालवाल्याने सही मागितली म्हणून तुझे बाबा घाबरले, त्यांना वाटलं कोर्टाचं काहीतरी आलं. आतून कारखान्याच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकाची कच्ची पानं निघाली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. ‘आपले कारखान्यातले शब्द’ हे अख्खं प्रकरण तू लिहिलंस! मला काय वाटलं ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढच्या पसाऱ्यात राहून जाईल. ज्या कारखान्यात मी उभ्या उभ्या टॉवेलच्या घड्या घातल्या, तिथे माझी मुलगी इंजिनियर आहे आणि वर पुस्तकात लिहितेही आहे, याचा मला इतका आनंद झाला की ती पानं मी शेजारणीला दाखवली, इस्त्रीवाल्याला दाखवली, आणि वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही दोन मिनिटं थांबवून ठेवलं. तो बिचारा ‘छान आहे’ म्हणून पळाला.

त्यातल्या एका शब्दाला तू लाल खूण केलीस आणि समासात लिहिलंस की आई, हे नीट वाच, गुरुवारी छापायला जाणार, काही चुकलं असेल तर त्याआधी सांग. चुकलंय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुझे बाबा शेजारी बसून दोन्ही बाजूंचं ऐकतात, आणि तुला माझं बोलणं मधेच तोडायची सवय आहे. पत्राला मधेच तोडता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तू लिहिलंयस, ‘साबण्या : मुद्दाम काम बिघडवणारा, आत राहून घात करणारा.’ अर्थ अगदी बरोबर. आमच्या वेळी दोरा तोडून ठेवणारा साबण्या, दुसऱ्याच्या कात्रीची धार घालवणारा साबण्या, आणि जमत आलेल्या लग्नात मोडता घालणारा तो तर महासाबण्या. खाली तू परदेशातल्या ‘साबोटर’, म्हणजे घातपाती, या शब्दाची गंमत दिलीस तीही मला फार आवडली. तिकडचे कामगार ‘साबो’ नावाचे लाकडी जोडे घालायचे, ते त्यांनी यंत्रात फेकले म्हणून घातपात्यांना जोड्यांवरून नाव पडलं असं सगळे सांगतात. पण जाणकार म्हणे ते मानत नाहीत, ते म्हणतात की जड जोडे घालून खडखड करत धसमुसळं काम करण्यावरून तो शब्द आला असावा. म्हणजे बघ, बिचाऱ्या जोड्यांवर एवढी वर्षं नाहक आळ! मी हे तुझ्या बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, जोड्यांनाही कोणी वकील दिला नव्हता वाटतं.

आता आपल्या शब्दाचं मूळ. कारखान्यात सगळे एकच गोष्ट सांगतात की धुण्याच्या खोलीतल्या माणसाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, यंत्राच्या पट्ट्याला साबण चोळून काम बंद पाडलं, म्हणून ‘साबण्या’. तू मात्र हट्टाने खणत गेलीस. साहेबांच्या त्या वेळच्या कारकुनाला शोधून काढलंस, जुनी दुरुस्तीची वही उघडलीस आणि शब्दाचं भलतंच मूळ बाहेर काढलंस. नवे साहेब ओरडले होते ‘साबोटर, साबोटर’, त्यांना म्हणायचं होतं कोणीतरी घातपाती आहे. आमचे मुकादम तीस वर्षं यंत्रांशेजारी उभे राहून एका कानाने ठार आणि दुसऱ्याने सोयीपुरते बहिरे. त्यांना ऐकू आलं ‘साबणवाट्या’. पाळी संपल्यावर हात धुवायला साबण वाटणाऱ्या माणसाला आम्ही तेच म्हणायचो. ते ताडताड गेले आणि तुझ्या बाबांना बखोटीला धरून घेऊन आले. ध चा मा झाला, साबणवाट्याचा पुढे साबण्या झाला आणि एका माणसाला जन्माचं नाव पडलं. तुझ्या बाबांना हे ऐकून इतकं हसू आलं की ठसका लागला. मलाही हे माहीत नव्हतं गं, एवढी वर्षं! इथवर तुझं एक अक्षरही चुकलेलं नाही.

पुढे तू लिहितेस, ‘पट्ट्याला साबण कधीच लावलेला नव्हता. दुरुस्तीच्या वहीत पट्टा सैल झाल्याची नोंद आहे. संबंधित कामगार पूर्णपणे निर्दोष होता.’ आणि पंचाहत्तरीच्या समारंभात आताचे मोठे साहेब सगळ्यांसमोर बाबांची माफी मागणार, हेही तू ठरवून टाकलंस. ठमे, हे वाचताना माझे डोळे भरून आले. नऊ वर्षांची असताना तू शाळेतून वेणी सुटलेली, फ्रॉकची बाही फाटलेली अशी आलीस, कोणीतरी ‘साबण्याची पोर’ म्हणालं म्हणून मारामारी करून. बाई तुलाच शिक्षा करून मोकळ्या झाल्या होत्या. तू मला विचारलंस की बाबांनी खरंच बंद पाडलं होतं का गं, आणि मी म्हणाले, ताटातलं संपव. मी त्या दिवशी तुला उत्तर द्यायला हवं होतं. माझं चुकलं. त्याची मला आजवर लाज वाटते.

उत्तर आज देते. आमच्या शिवणखात्यात बारा मशिनी एका रांगेत होत्या, टॉवेलच्या कडा शिवायच्या. बाराही मशिनी एकाच दांड्यावर चालायच्या आणि तो दांडा फिरवायचा मोटारीवरून येणारा चामड्याचा पट्टा. पट्टा माझ्या घडीच्या टेबलाच्या मागेच, जाळीच्या आत. टेबलाच्या दुसऱ्या अंगाला पातळ फळ्यांची भिंत आणि भिंतीपलीकडे धुण्याची खोली. तिथे तुझे बाबा बादल्या भरायचे, मोरी घासायचे, साबणाच्या वड्या मांडून ठेवायचे आणि गायचे. कसे गायचे ते तुला ठाऊक आहे. गाण्याची पहिली ओळ बरोबर, पुढचे शब्द विसरले की ‘बादली गं बादली, नळ गं नळ’ असं जे समोर दिसेल ते भरायचे. सुराशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण एवढ्या आनंदाने मोरी घासणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पाहिला म्हणजे तरी काय, ऐकलाच. मी वीस वर्षांची, घरी तीन धाकट्या बहिणी आणि थकलेले वडील, सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर टॉवेल. त्या भिंतीतून येणाऱ्या आवाजावर माझा दिवस निघायचा.

आणि मग त्या वर्षी पट्टा किंचाळायला लागला. जेवणाच्या सुट्टीनंतर मशिनी सुरू झाल्या की असा कर्कश आवाज करायचा की दात शिवशिवायचे. बायका कानात चिंध्या कोंबून बसायच्या. मला किंचाळण्याचं दुःख नव्हतं. दुःख एवढंच की भिंतीपलीकडचं काही ऐकू येईना. तेलवाला म्हणजे यंत्रांना तेल घालणारा माणूस तेव्हा रजेवर होता, पण जाण्यापूर्वी सहज बोलून गेला होता की साबणाची सुकी वडी पट्ट्यावर दोनदा फिरवली तर तो गप्प बसतो. मी लगेच धुण्याच्या खोलीच्या खिडकीशी गेले आणि एक वडी मागितली. म्हटलं, हात फार मळतात. टॉवेलच्या घड्या घालून कोणाचे हात मळतात गं? तुझ्या बाबांनी काही न विचारता वडी दिली.

जेवणाच्या सुट्टीत, सगळं बंद असताना, मी जाळीतून हात घालून दोनदा वडी फिरवली. आणि काय सांगू! दुपारी पट्टा मांजरासारखा गुरगुरत राहिला आणि भिंतीपलीकडून ‘बादली गं बादली’ स्वच्छ ऐकू आलं. बायका म्हणाल्या, आज काय झालं कोण जाणे. मी मान खाली घालून घड्या घालत होते, गाल मात्र दुखत होते हसू दाबून. तासाभराने पट्टा पुन्हा किंचाळला. दुसऱ्या दिवशी मी दुसरी वडी मागितली आणि अर्धी संपवली. दोन तास मिळाले, शेवटी दांडा जरा अडखळला तिकडे मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता रोज रोज कशाला, एकदाच काय ते करून टाकू. तिसरी वडी अख्खी घासली. अति तिथे माती हे मला आईने शंभर वेळा सांगितलं होतं, पण आईने साबणाचं नाव घेतलं नव्हतं.

मशिनी सुरू झाल्या त्याच मुळी सुस्कारे टाकत. मोटार फिरते आहे, पट्टा जागच्या जागी घसरतो आहे, आणि बाराही मशिनींच्या सुया अर्ध्या टाक्यात अडकलेल्या. नेमका त्याच आठवड्यात मोठा माल बाहेर जायचा होता. नवे साहेब आठ दिवसांपूर्वीच रुजू झाले होते, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्यांनी जाळीपासून चार हात लांब उभं राहून पट्टा पाहिला. जवळ जाऊन बोट लावलं असतं तर कळलं असतं, पण सदरा मळला असता. पट्टा एरवीही टॉवेलच्या तंतूंनी पांढरा असायचा, त्यात पांढरा साबण कोणाला दिसतो? त्यांनी ठरवलं की एवढी चांगली मोटार फिरत असताना मशिनी आपोआप बंद पडत नाहीत, हा घातपात आहे. ते ओरडत कचेरीकडे निघाले, मुकादमांनी आपल्या कानाने ऐकलं, आणि थोड्या वेळाने तुझ्या बाबांना आमच्या सगळ्यांच्या समोरून नेलं.

मी काय केलं? मी टॉवेल घेतला आणि घडी घातली. पुढचा घेतला, घडी घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि चोर मी होते. तोंड उघडलं तर नोकरी जाणार आणि घरी पाच माणसं जेवायची थांबणार, हे खरं. पण भित्री होते हेही तितकंच खरं. साहेब तुझ्या बाबांच्या मागे हात धुऊन लागले होते, दुपारभर कचेरीत उभं ठेवलं. दोन दिवसांनी तेलवाला रजेवरून आला, त्याने पट्टा काढून आखूड करून बसवला आणि वहीत लिहिलं की सैल झाला होता. तीच तुझी नोंद. तुझ्या बाबांची नोकरी वाचली, पण धुण्याची खोली काढून घेतली आणि फाटकावर बसवलं. साबण्या हे नाव मात्र काही कोणी काढून घेतलं नाही. आणि मी करून सवरून नामानिराळी राहिले.

महिन्याभराने मी फाटकातून बाहेर पडताना ते उभे राहिले आणि मला विचारलं, तुम्हाला आता हात धुवायला त्रास होतो का. मी रडायला लागले. त्यांना वाटलं आपण काही वावगं बोललो. तिथून आमचं बोलणं सुरू झालं, ते तुला माहीत आहे. लग्न झालं तेव्हा बायका मला म्हणाल्या, शेवटी साबण्यालाच केलंस का गं? मी कितीदा ठरवलं की आज यांना सांगायचं. पहिल्या वर्षी धीर झाला नाही, दुसऱ्या वर्षी तू झालीस, मग तुझी शाळा, मग त्यांचं निवृत्त होणं. सेहेचाळीस वर्षं झाली, ठमे. एकच वाक्य सांगायचं होतं.

आता परवाच्या रविवारचं ऐक. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मीच सगळं वाचून दाखवते. तुझी पानं वाचत होते. मुकादमांच्या कानाचा किस्सा झाला, ठसका झाला, पाणी झालं. मग मी तुझं ते वाक्य वाचलं, पट्ट्याला साबण कधीच लावलेला नव्हता. तुझे बाबा खुर्चीत नीट बसले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, “हे मात्र चूक आहे हं. साबण होता. अख्खी वडी संपवली होतीस तू त्या दिवशी.”

माझ्या हातातली पानं खाली पडली. अगं, त्यांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! फळ्यांच्या भिंतीला फट होती आणि त्या फटीतून त्यांनी मला जाळीत हात घालताना तिन्ही दिवस पाहिलं होतं. एवढंच नाही. मशिनी बंद पडल्या, साहेब ओरडत कचेरीकडे वळले आणि आम्ही सगळ्या बघायला पुढच्या दाराशी जमलो, तेवढ्यात ते ओलं फडकं घेऊन मागच्या दाराने आले आणि पट्टा पुसायला लागले, माझा साबण कोणाला सापडू नये म्हणून. मुकादमांनी त्यांना धरलं ते तिथे, जाळीशी, हातात फेसाळ फडकं. मुकादमांचा कान चुकला, पण डोळा नाही चुकला. त्यांना कचेरीत विचारलं की तू तिथे काय करत होतास, तर म्हणाले, मला स्वच्छतेची आवड आहे. यावर तर साहेब जास्तच भडकले म्हणे.

मी विचारलं, मग मला कधी बोलला का नाहीत? म्हणाले, “तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मग सवय झाली थांबायची.” आणि ठमे, एक गोष्ट मात्र त्यांना माहीत नव्हती. मी साबण का लावला, ते. इतकी वर्षं त्यांची समजूत अशी की माझं डोकं दुखायचं त्या आवाजाने. मी सांगितलं की तुमचं गाणं ऐकू येत नव्हतं म्हणून. शहात्तर वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, “पण मी तर फार वाईट गायचो.” मी म्हटलं, हो, फारच वाईट. मग आम्ही दोघं जे हसत सुटलो, ते गॅसवरचा चहा आटून भांडं काळं होईपर्यंत. तेव्हापासून स्वारी आंघोळीला गेली की पाऊण तास बाहेर येत नाही, आणि पहिली ओळ झाली की तोच नळ आणि तीच बादली. शेजारीण विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

ठीक नाही ते एवढंच, की ते समारंभाला यायला तयार नाहीत. म्हणतात, पोरीने एवढ्या हौसेने माफी मिळवली, पण मी खरंच पट्ट्याशी सापडलो होतो, तर त्या साहेबांकडून माफी कुठल्या तोंडाने घेऊ? आणि खरं सांगायला गेलो तर तुझं नाव येणार. एका शब्दापायी घरात दोन आरोपी कशाला, राहू दे मलाच साबण्या, अंगवळणी पडलाय तो. मला त्यांनी बजावलंय की ठमीला यातलं अक्षर कळवायचं नाही. म्हणून हे पत्र त्यांच्या चोरून लिहिते आहे, ते आत गात आहेत तोवर. आतून केलेला घातपातच समज. तर गुरुवारच्या आत एवढं कर. माफी रद्द कर, त्याऐवजी त्यांना व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत बसव आणि शेजारची खुर्ची मला दे. ‘निर्दोष’ हा शब्द खोड, त्याजागी लिही की त्यांनी दुसऱ्याचा साबण पुसला. मुकादमांच्या कानाचा किस्सा तसाच ठेव, तो खरा आहे. आणि त्या शब्दापुढे कंसात तू ‘पु.’ लिहिलंस ना, पुल्लिंगी म्हणून, ते आधी दुरुस्त कर. मूळ शब्द स्त्रीलिंगी आहे. खाली माझं नाव घाल, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, कारण तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं.

तुझीच,
आई